आरटीईचा फॉर्म: तयारी दिवाळीतच करा

मी पुण्यात तीन घरी स्वयंपाकाची कामं करते. थोरल्याच्या वेळी आरटीईची, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खाजगी शाळेत फुकट जागा मिळते तिची, लॉटरी लागली होती, पण कागदांत प्रवेश गेला. धाकटीच्या वेळी शहाणी झाले. आता फॉर्म सुटले की वस्तीतल्या बायका कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे येतात, आणि मी दरवर्षी तेच ओरडते: आत्ता काय येता गं, दिवाळीत यायचं!

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्यानुसार खाजगी विनाअनुदानित शाळेनं पहिल्या वर्गातल्या 25 टक्के जागा आपल्यासारख्यांच्या मुलांना द्यायच्या, आठवीपर्यंत फी न घेता. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा यात धरत नाहीत, त्यांच्या मागे लागू नका.

आता पत्त्याचा पुरावा, म्हणजे आपल्यासाठी भाडेकरार. सगळं घोडं इथंच अडतं. रेशनकार्ड, लाइटबिल, आधार यांतलं काही सध्याच्या पत्त्याचं असेल तर प्रश्नच नाही. पण आपण दर दोन वर्षांनी खोली बदलणारी माणसं, आधार गावाकडचं. मग करार लागतो, आणि तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलाच लागतो. मी थोरल्याच्या वेळी नोटरीचा, लाल शिक्क्याचा कागद घेऊन गेले होते. पडताळणीच्या टेबलावरच्या बाईंनी तो बोटानं बाजूला सरकवला. झालं. करार फॉर्म भरण्याच्या आधीच्या तारखेचा हवा, नंतर धावाधाव करून केलेला चालत नाही. घरमालक नोंदणीला कां-कूं करतो, त्याला टॅक्सची भीती असते. आमच्या मालकाला मी सांगितलं, खर्च माझा, तुम्ही फक्त अंगठा द्यायला या. तरी तीन रविवार गेले. दिवाळी म्हणते ती यासाठी.

दुसरा कागद जातीचा किंवा उत्पन्नाचा. एससी, एसटी, भटके-विमुक्त, ओबीसी असाल तर जातीचा दाखला पुरतो, उत्पन्नाची अट नाही. पण दाखला महाराष्ट्रातलाच हवा. आमच्या शेजारणीचा कर्नाटकातला होता, नाही चालला. खुल्या प्रवर्गातल्यांना वर्षाला एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला लागतो. एक लाख म्हणजे महिना साडेआठ हजारसुद्धा नाही. पुण्यात एवढ्यात कोण जगतं ते सरकारनं येऊन बघावं.

फॉर्म फुकट असतो. भरताना नकाशावर घराची खूण नीट ठेवा, घाई करू नका. एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी जागा मिळते, मग तीन किलोमीटरपर्यंतच्यांना. खूण शाळेजवळ सरकवली की जवळचे होऊ असं काही जण समजतात, पण पडताळणीत पकडले जातात आणि प्रवेश रद्द होतो. शाळा दहापर्यंत निवडता येतात. मूल रोज पोचवता येईल अशाच निवडा, कारण लॉटरी लागूनही प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या फेरीत नाव धरत नाहीत. मेसेजवर विसंबू नका, अर्ज क्रमांक टाकून स्वतः बघत राहा.

2024 साली तर गंमतच झाली. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगीला या 25 टक्के जागांतून सूट, असा नियम फेब्रुवारीत आला. म्हणजे शहरात जवळजवळ सगळ्यांनाच सूट! लोक हायकोर्टात गेले, मे महिन्यात स्थगिती आली आणि 19 जुलैला नियमच रद्द झाला. तेव्हा असं काही कानावर आलं तर गप्प बसू नका, वस्तीत बोला, संघटनेकडे जा.

प्रवेशानंतरचंही सांगते. सरकार शाळेला एका मुलामागे वर्षाला 17,670 रुपये ठरवतं आणि ते थकवतं, म्हणून शाळा आपल्यावर चिडते. 'ॲक्टिव्हिटी'चे पैसे मागितले तर भांडू नका. म्हणा, लेखी द्या. बहुतेकदा तो कागद येतच नाही. आलाच, तर झेरॉक्स काढा, शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्जाला जोडा आणि पोच घ्या.

आणि आठवीनंतर पूर्ण फी भरावी लागते, हे पहिलीतच लक्षात ठेवा. माझी सहावीत आहे. मी पोस्टात महिन्याला पाचशे टाकते, भिशीचे आले की हजार.