चित्रपत्ती: घडवणे, बदलणे, मांडणे
चित्रपत्ती म्हणजे कलाकारांनी स्वतः रंगवून आपसात अदलाबदल करायचे छोटे कार्ड (आर्टिस्ट ट्रेडिंग कार्ड). १९९७ साली झुरिकमध्ये स्विस कलाकार एम. वेंची स्टिर्नेमान यांनी रुजवलेल्या या चित्रपत्तीचे माप २.५ बाय ३.५ इंच असते आणि ते अजिबात बदलू नये. ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जलरंगाचा जाड कागद घ्यावा. जळगाव-धुळ्याच्या वैशाखात रंगाचा हात पाहता पाहता वाळतो आणि कागद वाकतो, म्हणून चारही कडा मास्किंग टेपने बोर्डला चिकटवूनच रंगवावे. केळीच्या पानाची फाटकी कड किंवा खानदेशातल्या कानबाई देवीच्या नारळावरची नथ, असा एकच विषय निवडावा, कारण एवढ्याशा जागेत गर्दी चित्राला मारक ठरते. पाठीवर नाव, शीर्षक, तारीख लिहावी. पत्ती विकू नये, शक्यतो समोरासमोर बदलावी. या कलेचा जीवच त्या देवाणघेवाणीत आहे. प्रदर्शनात नऊ कप्प्यांची पारदर्शक पाने टांगावीत, म्हणजे पाठही वाचता येते.