कपड्यांसाठीचे इंग्रजी बोलीशब्द : कोणता केव्हा वापरावा

इंग्रजी बोलभाषेत कपड्यांसाठी थ्रेड्स, क्लॉबर, गेट-अप, ड्रिप असे कितीतरी शब्द आहेत. त्यांचा ढोबळ अर्थ ‘कपडे’ असाच असला तरी ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. म्हणून असा शब्द शिकताना त्यात कौतुक आहे की टोमणा, आणि तो कोणत्या देशात बोलला जातो, हेही टिपून ठेवावे.

सर्वांत फसवा शब्द ‘गेट-अप’ आहे. मराठीत आपण ‘काय मस्त गेटअप केलाय’ असे निर्मळ मनाने म्हणतो, पण इंग्रजीत त्याला बहुधा विचित्र किंवा सोंगासारख्या पोशाखाची छटा असते. मुलाखतीला निघालेल्या मित्राला ‘नाइस गेट-अप’ म्हटले, तर आपले काही चुकले की काय, असे त्याला वाटू शकेल. त्याऐवजी ‘नाइस थ्रेड्स’ म्हणावे; हा अमेरिकी शब्द आता काहीसा जुना वाटत असला, तरी त्यात मोकळी दाद आहे.

तरुणांच्या तोंडी असलेल्या ‘फिट’ आणि ‘ड्रिप’ या शब्दांतला फरक बारीक आहे. ‘फिट’ हे ‘आउटफिट’चे छोटे रूप असून त्याचा अर्थ अंगावरचा एक पूर्ण पेहराव असा होतो, तर हिप-हॉपच्या वर्तुळातून पसरलेल्या ‘ड्रिप’मध्ये कपड्यांबरोबर बूट, दागिने आणि ते मिरवण्याची ऐटही येते. साध्या, नीटनेटक्या शर्ट-पॅन्टला चांगला ‘फिट’ म्हणता येईल, ‘ड्रिप’ म्हणणे शोभणार नाही. मात्र ब्रिटनमध्ये ‘यू आर फिट’ म्हटल्यास पेहरावाची नव्हे, तर त्या व्यक्तीच्या देखणेपणाची स्तुती होते; ओळख नसताना ते टाळावेच.

समारंभासाठी काढलेले ठेवणीतले कपडे म्हणजे ‘ग्लॅड रॅग्ज’. ‘क्लॉबर’ मुख्यतः ब्रिटिश असून त्यात कपड्यांखेरीज इतर सामानसुमानही येते. ‘टॉग्ज’ म्हणजे एरवी कपडे, पण आयर्लंड आणि न्यूझीलंडमध्ये पोहण्याचा पोशाख.

काही नेहमीचे शब्दही देशागणिक बदलतात आणि माझ्या मते ते आधी पाठ करावेत, कारण ते रोज लागतात. ‘पॅन्ट्स’ अमेरिकेत बाहेर घालायच्या, तर ब्रिटनमध्ये सहसा आतल्या. म्हणून लंडनमध्ये चहा सांडला, तर तो ‘ट्राउझर्स’वर सांडला असे सांगावे. ‘व्हेस्ट’ ब्रिटनमध्ये बनियन, अमेरिकेत कोटाखालचे जाकीट. ‘थाँग्ज’ ऑस्ट्रेलियात रबरी चपला असतात, तर अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये तोकडी अंतर्वस्त्रे.