थर्मल कागदावरील बोटांचे ठसे उमटवताना या चुका टाळा

एटीएमची पावती, पेट्रोल पंपाचे बिल किंवा एसटीच्या वाहकाने यंत्रातून काढून दिलेले तिकीट मुद्देमालात आले, की बहुतेक नवशिके तो साधाच कागद समजून कामाला लागतात. वास्तविक त्याच्या छापील बाजूवरील लेपात रंगहीन ल्यूको रंजक आणि बिस्फेनॉलसारखे आम्लधर्मी द्रव्य शेजारी शेजारी असते. उष्णतेने ती वितळून एकत्र आली, की तेवढाच भाग काळा पडतो आणि अक्षर उमटते. अल्कोहोलसारखे ध्रुवीय द्रावकही नेमके हेच करतात. पुढच्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे छायाचित्र न घेता नेहमीचे निनहायड्रिन, म्हणजे घामातील अमिनो आम्लांशी संयोग होऊन ठसा जांभळा करणारे द्रव्य, लावणे. एका प्रकरणात वाहनतळाची पावती आली होती आणि तिच्यावरील वेळेला ठशाइतकेच महत्त्व होते. प्रशिक्षणार्थ्याने इथेनॉलमधील निनहायड्रिन कापसाने फासले आणि पाहता पाहता पावती काळीकुट्ट झाली. मग ती वाचवण्यासाठी घाईघाईने इथेनॉलने धुण्यात आली. काळेपणा गेला, पण त्याबरोबर छापील वेळही गेली आणि नंतर उमटलेल्या जांभळ्या रेषा पसरट निघाल्या. द्रावकाने लेप धुऊन काढणे ही मान्य पद्धत आहे, कारण ठशातील अमिनो आम्ले ॲसिटोनसारख्या द्रावकात फारशी विरघळत नाहीत. मात्र ती निनहायड्रिन लावण्याआधी, विचारपूर्वक आणि मजकुराची नोंद झाल्यावरच वापरायची असते. मी स्वतः दोन्ही बाजूंची मोजपट्टीसह छायाचित्रे हाती आल्याशिवाय बाटलीचे झाकण उघडू देत नाही. शक्य असेल तेव्हा तपासी अंमलदाराकडून त्याच यंत्रातील कोरी पट्टीही मागवतो आणि द्रावण आधी तिच्यावर लावून पाहतो. एचएफई ७१०० हे अध्रुवीय द्रावक वापरले म्हणून निर्धास्त राहू नये, कारण निनहायड्रिन विरघळवण्यासाठी त्यात घातलेले थोडे इथेनॉलही काही कागद काळे करते. यासाठीच निनहायड्रिनचे हेमिकीटल (अल्कोहोलशी जोडून बनवलेले रूप), म्हणजे बाजारात थर्मानिन नावाने मिळणारे द्रव्य, तयार झाले. ते ओलाव्याने फुटते, म्हणून द्रावण लागेल तेवढेच आणि ताजे करावे.

दुसरी चूक उतावळेपणाची. साध्या कागदावर इंडेनडायोन-झिंक (अमिनो आम्लांमुळे ठसा चमकता करणारे द्रव्य) लावून सुमारे १६५ अंश सेल्सिअसच्या दाबयंत्रात दहा सेकंद ठेवण्याची हाताला सवय झालेली असते आणि तीच सवय येथे पावती जाळते. इस्त्री, केस वाळवण्याचे यंत्र, ‘थोडीशीच ऊब’ असले उपाय सुचवणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, त्यांना कोरी पट्टी देतो. माझ्या पसंतीची पद्धत कोरड्या संपर्काची आहे: गाळणकागद इंडेनडायोन-झिंकच्या द्रावणात भिजवून पूर्ण वाळवावेत, पावती त्यांच्यामध्ये ठेवावी, वर वजन ठेवावे आणि सामान्य तापमानाला एक-दोन दिवस हात लावू नये. नंतर हिरव्या प्रकाशात नारिंगी फिल्टरमधून पाहावे. दुसऱ्या दिवशी अहवाल हवा असणाऱ्यांना ही पद्धत आवडत नाही, याला इलाज नाही.

ठशाच्या रेषा काळ्या करण्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ देताना नजर हलवू नये, कारण रेषांपाठोपाठ पार्श्वभूमीही काळी होते. वाफ फ्यूम हूडमध्येच (वाफ बाहेर खेचणाऱ्या बंदिस्त कप्प्यात) द्यावी आणि कॅमेरा आधीच लावून ठेवावा.

सॅनिटायझरने ओले झालेले हातमोजे पावतीजवळ नेऊ नयेत.

पावती पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नये, त्यातील प्लास्टिसायझरने (प्लास्टिक मऊ करणाऱ्या द्रव्याने) छपाई फिकट होते. साधे कागदी पाकीट पुरते, फक्त ते उन्हात तापलेल्या गाडीत ठेवून देऊ नये.

मागची कोरी बाजू तपासायची राहून जाणे, ही चूक मला अजूनही दिसते. पावती चिमटीत धरताना एक बोट छपाईकडे असते आणि दुसरे मागे, आणि ही मागची बाजू सहसा लेपाविना साध्या कागदासारखी असल्याने तेथील ठसा पुष्कळदा अधिक स्वच्छ मिळतो.