गोव्यात छोटा धंदा अडचणीत आलाय? सरकारी मदतीचा अर्ज कसा करावा

साखळीच्या बाजारात पाणी शिरलं, पर्यटनाचा हंगाम कोरडा गेला किंवा खाणी बंद पडून गॅरेजात ट्रक यायचे थांबले, की प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो: सरकारकडून काही मिळतं का? मिळतं. पण धंद्याचं नुकसान सरकारने सरसकट भरून द्यावं अशी कायमची योजना नाही. तुम्ही कागदावर कोण आहात, कारागीर, मच्छीमार, गाडेवाले की नुसते दुकानदार, यावर बहुतेक मदत ठरते. म्हणून अर्जाची तयारी फॉर्म भरण्याच्या बरीच आधी सुरू होते.

नुकसान नैसर्गिक असेल तर आधी पंचनामा

पाणी ओसरलं की माणूस आधी झाडू हातात घेतो. थोडं थांबा. भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेला माल, बंद पडलेला फ्रीज, सगळ्याचे फोटो काढा. मग तलाठी आणि मामलेदार कार्यालयाला लेखी कळवा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्या. आग लागली असेल तर अग्निशमन दलाचा अहवाल लागेल. विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा, सर्व्हेअर येईपर्यंत माल फेकू नका.

आता यातून काय मिळेल ते आधीच समजून घ्या. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत घर, शेती, जनावरं, होड्या-जाळी आणि हस्तकला-हातमाग कारागिरांची अवजारं व कच्चा माल येतो. किराणा दुकानातली भिजलेली साखर त्यात बसत नाही. दुकानदारांसाठी राज्य सरकारला वेगळा निर्णय घ्यावा लागतो आणि तो झालाच, तर पंचनामा असलेल्यांचीच यादी आधी पुढे जाते.

मग कागद

सर्वांत आधी उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद. केंद्र सरकारच्या पोर्टलवर आधार आणि पॅनवर होते, पूर्ण मोफत. कोणी यासाठी पैसे मागत असेल तर ती त्याची स्वतःची फी, सरकारची नव्हे. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला धंदा 'सूक्ष्म' गणला जातो, म्हणजे आपल्याकडचे बहुतेक सगळे त्यात आले. एक मेख लक्षात ठेवा. व्यापाऱ्यांनाही जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण त्यांना त्याचा लाभ बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरताच. तुम्ही माल विकण्याबरोबर बनवतही असाल, लोणची, खाजे, फर्निचर काहीही, तर नोंदणीत ते काम आवर्जून दाखवा.

दुसरा कागद पंचायतीचा किंवा पालिकेचा व्यापार परवाना. गोव्यात गाडं अडतं ते इथे. जागा आजोबांच्या नावावर, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर दहा वारस, नाहीतर घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या जागेत. जागेचा वाद मिटेपर्यंत धंद्याने वाट पाहायची नसते. घरपट्टीची पावती, वीजबिल आणि मालकाचा ना-हरकत दाखला यांवर काय जमतं ते पंचायत सचिवांना भेटून विचारा. उद्यम नोंदणीला जागेच्या मालकीचा पुरावा लागत नाही, ती तोवर करून टाका.

राज्याच्या बऱ्याच योजनांना पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. तो मामलेदार कार्यालयातून मिळतो, आणि गरज पडल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधीच काढून ठेवलेला बरा. खाद्यपदार्थांचा धंदा असेल तर अन्न परवाना, पर्यटकांशी संबंधित असेल तर पर्यटन खात्याची नोंदणी जोडा.

नावांचं प्रकरण वेगळंच. जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. गांवकर हे आडनाव इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहिलं जातं ते पाहा. माणसाला कळतं, संगणकाला कळत नाही आणि मंजूर झालेले पैसे परत जातात. आधार, पॅन आणि बँक खातं या तिघांवर एकच नाव करून घ्या. खातं आधारशी नुसतं जोडलेलं असून भागत नाही. थेट लाभ त्याच खात्यात येतो का, हे शाखेत जाऊन विचारा.

कोणत्या दारावर जायचं

सुतार, कुंभार, सोनार, शिंपी, न्हावी, होडी बांधणारे, मासेमारीची जाळी विणणारे, टोपल्या-झाडू करणारे, फुलांचे हार करणारे: अशा १८ व्यवसायांसाठी पीएम विश्वकर्मा योजना आहे. २०२३ पासून चालू. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत अनुदान, प्रशिक्षण, आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाख, दुसऱ्यात २ लाख रुपयांपर्यंत कर्ज. कुटुंबातल्या एकालाच. अर्ज सामायिक सेवा केंद्रातून होतो आणि पहिली पडताळणी पंचायतीत किंवा पालिकेत, म्हणून तिथे आपला अर्ज पडून नाही ना हे बघत राहा.

मासळीच्या धंद्यात असाल तर मत्स्योद्योग खातं गाठा. मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला प्रकल्पखर्चाच्या ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्क्यांपर्यंत अनुदान असतं. काजू, फणस, कोकम यांवर प्रक्रिया करणाऱ्यांसाठी सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना: ३५ टक्के, कमाल १० लाख, पण बँक कर्जाशी जोडलेलं. दोन्ही योजनांची मुदत २०२५-२६ पर्यंत ठरलेली होती, त्यामुळे अर्जाआधी मुदतवाढीची चौकशी करा.

गाडेवाल्यांसाठी पीएम स्वनिधी. १५, मग २५, मग ५० हजार, वेळेवर फेडल्यास ७ टक्के व्याज परत. हे कर्ज आहे. मुद्राही कर्ज, ईडीसी या राज्याच्या वित्त महामंडळाची मुख्यमंत्री रोजगार योजनाही कर्जच. आधीच हप्ते थकलेल्या माणसाने 'सरकारी' या शब्दाला भुलून आणखी एक हप्ता गळ्यात बांधून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. केंद्राच्या रोजगारनिर्मिती योजनेचं, पीएमईजीपीचं अनुदान मोठं आहे, पण मुख्यतः नव्या उद्योगाला. बुडता धंदा त्यात नव्याने दाखवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

अर्ज

फॉर्म बहुधा इंग्रजीत असतो. सोबतचं पत्र मराठीत द्यायला हरकत नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने सरकारी कामात मराठीचा वापर करता येतो. पत्र एका पानाचं पुरे: धंदा कधीपासून, काय घडलं, उलाढाल किती होती आणि किती उरली, पैसे कशाला हवेत. उलाढालीचा आकडा बँक स्टेटमेंट किंवा जीएसटी विवरणाशी जुळला पाहिजे, फुगवलेला आकडा पडताळणीत पहिल्यांदा उघडा पडतो. अर्ज क्रमांक आणि पोच जपून ठेवा. पंचायतीत येणाऱ्या स्वयंपूर्ण मित्राकडे, म्हणजे योजनांच्या मदतीसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, कागद आधी तपासून घेता आले तर उत्तम.

पैसे येईपर्यंत बँकेला टाळू नका

हप्ता ९० दिवस थकला की खातं अनुत्पादित (एनपीए) ठरतं आणि नवी मदत जवळपास बंद. त्याआधी शाखेला लेखी अर्ज द्या. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या पुनरुज्जीवनासाठी रिझर्व्ह बँकेची २०१६ पासूनची चौकट आहे, तिचा उल्लेख करा. बँकेचं कर्ज रेकॉर्डवर असण्याचा फायदाही असतो. खाणबंदीनंतर २०१४ मध्ये राज्याने आणलेली कर्जदिलासा योजना वित्तीय संस्थांच्या कर्जदारांसाठी होती. सावकाराकडून घेतलेल्या पैशाला त्यात जागा नव्हती.

आणि तुमचेच पैसे कुणाकडे अडकलेत का? हॉटेलला फर्निचर दिलं, सरकारी खात्याला छपाई करून दिली आणि ४५ दिवसांत बिल भागलं नाही, तर उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना केंद्राच्या सूक्ष्म-लघु उद्योग मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रार करता येते. कायद्याने बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. अनुदानापेक्षा ही रक्कम कित्येकदा मोठी निघते.

उत्तर आलं नाही तर

कार्यालयात तोंडी विचारण्यापेक्षा लेखी विचारा. तरीही शांतता असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका: माझा अर्ज कोणत्या टेबलावर आहे आणि कधीपासून. उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज नाकारला गेला तर कारण लेखी घ्या. कागद अपुरा असेल तर तो पुरा करून पुन्हा देता येतो, पात्रताच नसेल तर दुसरं दार पाहा.

मंजुरीसाठी आधी 'प्रोसेसिंग फी' भरा किंवा ओटीपी सांगा, असा फोन आला तर तो ठगाचाच. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.