लाइट गेली की फोनही का जातो? या चुका टाळा

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. त्यानंतर श्रीवर्धन, दापोली, मंडणगडकडची कित्येक गावं अनेक दिवस अंधारात होती आणि मुंबईतले चाकरमानी घरी फोन लावून लावून थकले. टॉवर उभा असूनही रेंज जाते, कारण त्याच्या बॅटऱ्या काही तासच पुरतात. पुढे जनरेटरला डिझेल लागतं आणि रस्त्यात झाडं आडवी पडली की ते पोचत नाही. म्हणून लाइट गेल्यानंतरचे पहिले तास मोलाचे. नेमके तेच आपण वादळाचे व्हिडिओ पाठवण्यात घालवतो. त्या वेळात एका नातेवाइकाला ‘आम्ही सुखरूप’ कळवा, बाकीच्यांना ते सांगतील.

रेंज गेल्यावर फोन तसाच ठेवू नका. टॉवर शोधता शोधता तो बॅटरी खातो. एअरप्लेन मोडवर टाका, तासाभराने पाच मिनिटं काढून बघा. एखादीच काडी दिसत असेल तर साधा एसएमएस करा. कॉल लागत नसतो तेव्हाही तो बऱ्याचदा जातो.

बॅटरी वाचवायला काहीजण फोन टूजीवर टाकतात. जिओला टूजी नाहीच, तिथे हा उपाय अंगाशी येतो. नेटवर्कची निवड ‘ऑटोमॅटिक’वरच असू द्या: आपत्तीत कधीकधी एका कंपनीच्या सिमला दुसरीचा टॉवर वापरू देतात. स्वतःची रेंज शून्य असली तरी ११२ हा आपत्कालीन नंबर लावून पाहा, दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तो लागू शकतो.

लँडलाइन आहे म्हणून निर्धास्त राहणं ही मला सगळ्यात घातक चूक वाटते, कारण ती ऐन वेळी कळते. तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजची ४८ व्होल्टची वीज यायची, म्हणून अंधारातही फोन वाजायचा. आता लँडलाइन फायबरवर, म्हणजे काचेच्या तारेवर असेल तर तीतून वीज येत नाही; मोडेम बंद की फोन बंद. मोडेमसाठी छोटा यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर वीज देणारा बॅटरीचा डबा, मिळतो. बहुतेक मोडेम १२ व्होल्टचे असतात, तरी घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट-अँपिअर जुळवा. राउटर वेगळा असेल तर त्यालाही वीज हवी, हे अनेकजण विसरतात. मोबाइलमधलं वाय-फाय कॉलिंग (टॉवरऐवजी घरच्या वाय-फायवरून कॉल) आधीच चालू करून ठेवा. फायबर शाबूत असेल तर टॉवर बंद पडला तरी बोलता येईल.

पॉवर बँक कपाटात पडून उतरते, पावसाळ्यात अधूनमधून भरा. गाडीत चार्जिंग करताना बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, त्या धुराने माणूस दगावतो.

आईवडील गावी असतील तर वादळाचा इशारा येताच त्यांच्या रिचार्जची मुदत बघा, आणि दोन-चार महत्त्वाचे नंबर मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून त्यांच्या भिंतीला लावून या.