कोकणातला खुराडा: भिंती कमी, वारा जास्त

दोन वर्षांपूर्वी वैशाखातल्या एका सकाळी खुराड्याचं दार उघडलं, तर पाच कोंबड्या दारापाशीच मरून पडलेल्या. पाचही जणींच्या चोची दाराखालच्या फटीकडे होत्या. तेवढ्या एका जागेतून हवा येत होती, तिथे तोंड लावून त्या रात्रभर बसल्या असणार. खुराडा नवा होता. तीन बाजूंना चिऱ्याच्या भिंती, वर पत्रा, पुढे लोखंडी दार. मुंगूस, उदमांजर, भटकी कुत्री यांना शिरकाव नको म्हणून चांगले पैसे घालून बांधलेला. मुंगूस आलं नाही, पण कोंबड्या आतल्या आत गुदमरल्या. सासरे बांधतानाच म्हणाले होते, "कोंबयेक वारो व्हयो गे, पत्रो नको." ते मी तेव्हा ऐकायला हवं होतं.

आमची वाडी वेंगुर्ल्याजवळ, समुद्रापासून दीडेक किलोमीटरवर. इथे पारा ३४-३५ अंशांच्या फारसा वर जात नाही, तरी कोंबड्या उष्म्याने मरतात. कोंबडीला घाम येत नाही. तिचं अंग मुळातच ४१-४२ अंश असतं. उकडायला लागलं की ती चोच उघडून धापा टाकते, आणि तोंडा-घशातली ओल उडून गेली की तिला गारवा मिळतो. आपल्याकडे हवाच इतकी ओली की ती ओल उडतच नाही. त्यामुळे घाटावरचे उपाय इथे उलटतात. तिकडच्या कोरड्या उन्हात शेडमध्ये पाण्याचा फवारा मारला की थंडावा होतो. इथे बंद खुराड्यात पाणी शिंपडलं तर धापा टाकणाऱ्या कोंबडीचे हाल आणखी वाढतात. इथे उपयोगी पडतो तो फक्त खेळता वारा. आणि तो रात्री हवा, कारण दिवसभर त्या परसात मोकळ्या फिरतात. खुराड्यात असतात त्या दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत.

त्या वर्षी पावसाआधी आम्ही नवा खुराडा उभा केला. बारा कोंबड्या आणि एक कोंबडा यांच्यासाठी ६ फूट लांब, ४ फूट रुंद. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे लांब बाजूंवर सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन येत नाही.

जागा निवडायला मात्र आठ दिवस घ्या. आपल्याकडे दुपारी खारा वारा पश्चिमेकडून येतो आणि रात्री मतलई वारा जमिनीकडून, म्हणजे पूर्वेकडून. दोन्ही वाटा मोकळ्या हव्यात. मी प्रत्येक जागी रात्री जेवणानंतर उदबत्ती लावून गुडघ्याच्या वर हात धरून उभी राहत होते. विहिरीमागे धूर दोरीसारखा सरळ वर गेला, ती जागा बाद. गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, आडोशालाही तसंच. फणसाच्या पूर्वेला धूर लगेच आडवा झाला, तिथे बांधला. फणसामुळे दुपारनंतर सावली मिळते. त्याच्या खालच्या फांद्या आठ फुटांपर्यंत छाटल्या, म्हणजे वारा खालून येतो. खुराडा फांद्यांच्या खाली येऊ दिला नाही, पिकलेला फणस कौलं फोडतो. माडाखाली तर मुळीच नको.

जमीन आणि खुराड्याचा तळ यांत तीन फूट अंतर ठेवा. पाऊस इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, जमिनीला टेकलेल्या खुराड्याची ओल चार महिने जात नाही. खांब चिऱ्यावर उभे करा, मातीत पुरले तर वाळवी लागते. प्रत्येक खांबाला गुडघ्याएवढ्या उंचीवर जळक्या ऑइलात भिजवलेलं फडकं गुंडाळा. ते हुमल्यांसाठी, म्हणजे तांबड्या मुंग्यांसाठी. पिल्लू अंडं फोडून बाहेर येत असताना हुमले चढले तर काही उरत नाही.

तळाला फळी किंवा कोबा नको. पोफळ चिरून दोन इंच रुंद रिपा काढल्या, कडा घासून गोल केल्या आणि इंचभर फट ठेवून ठोकल्या. विष्ठा खाली पडते आणि हवा तळातूनही वर येते. पिल्लांचे पाय या फटीत अडकतात, त्यांना महिना-दीड महिना वेगळं ठेवा. खाली पातेरा, म्हणजे वाळका पाला, आणि भाताचं तूस पसरते, आठवड्याने ओढून खड्ड्यात टाकते. ताजं खत झाडाला घालू नका, मुळं जळतात. चांगलं कुजलं की माडाच्या आळ्यात. खाली ओलं राहू दिलं तर डोळ्यांना झोंबणारा वास सुटतो, आणि तो आधी कोंबड्यांच्या छातीत जातो.

चारही बाजूंना जाळी. भिंत कुठेच नाही. षटकोनी कोंबडीजाळी स्वस्त पडते, पण कुत्रा ती फाडतो आणि धामण तिच्यातून आत येते. अर्ध्या इंचाची, जोडकाम केलेली जस्ताची जाळी घ्या. नुसते खिळे मारू नका, वरून रीप दाबून स्क्रू घाला. खाऱ्या हवेत गंज चढतो, तेव्हा दर दिवाळीला हाताने दाबून बघा.

छपराला मंगलोरी कौलं. पत्रा उन्हात तापतो आणि ती धग खाली सोडतो. कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते. पत्राच असेल तर वर झावळ्या अंथरा, नाहीतर चुना फासा. कौलांखालीही जाळी हवी. माकडं कौलं उचकटतात हे कोकणात कुणाला सांगायला नको. छपराची कड जाळीच्या बाहेर अडीच फूट काढा, म्हणजे पागोळ्या दूर पडतील.

आता पावसाळा. उन्हाळ्यात जो पश्चिमेचा वारा हवा, तोच मृगानंतर पाऊस घेऊन आत घुसतो. म्हणून पश्चिम आणि दक्षिण बाजूला झावळ्यांचे विणलेले झाप दोरीने टांगले आहेत. जूनमध्ये ते खाली सोडते, तरी वरची वीतभर जागा उघडीच ठेवते. उत्तर आणि पूर्व बाजू बारा महिने मोकळी. प्लॅस्टिकचा कागद बांधू नका. पहिल्याच पावसात मी बांधला होता. सकाळी आतून थेंब गळत होते, कोंबड्यांची पिसं ओली.

बसायच्या दांड्या दोन, दोन इंच रुंद, वरून गोलसर, तळापासून दीड फूट वर. दोन्ही एकाच उंचीवर हव्यात, नाहीतर उंच दांडीसाठी रोज मारामाऱ्या. प्रत्येकीला १० इंच जागा येते. गरमीत त्या पंख अंगापासून दूर धरून बसतात, म्हणून खेटून बसवू नका. दांडीच्या पातळीवर वारा येतो का, ते पुन्हा उदबत्तीने बघा. अंडी घालायच्या पेट्या तीन, फूटभर लांबी-रुंदीच्या, उत्तरेला, दांडीपेक्षा खाली. वर लावल्या तर त्यांतच झोपतात आणि घाण करतात.

पाण्यासाठी मातीचं पसरट भांडं सावलीत ठेवा, दुपारी पाणी बदला. उन्हाळ्यात दाणे पहाटे आणि ऊन उतरल्यावर. वनराज, गिरिराज अशा भारी अंगाच्या कोंबड्या गावठीपेक्षा लवकर हैराण होतात. आमच्या मेलेल्या पाचांतल्या दोन वनराज होत्या. उघड्या मानेची गावठी मिळाली तर जरूर ठेवा, पिसं कमी असल्याने ती उष्मा चांगला सोसते.

नव्या खुराड्यात कोंबड्या आपणहून जात नाहीत. आमच्या चौघी फणसावर जाऊन बसल्या. पूर्ण काळोख झाला की कोंबडीला दिसत नाही, तेव्हा दोन्ही पंख दाबून अलगद उचलायची आणि दांडीवर ठेवायची, तोंड वाऱ्याकडे करून. तीन रात्री मी हे केलं. चौथ्या रात्री कंदील घेऊन गेले, तर फणसावर कुणी नव्हतं.