हातघडणीचा क्यू: निवडताना आणि आमच्या उन्हाळ्यात सांभाळताना

क्यू, म्हणजे पूल-बिलियर्ड्स खेळायची काठी, हातात आला की मी नक्षीकडे नंतर पाहतो. आधी जॉइंट, म्हणजे मधला सांधा, उघडून शाफ्ट, म्हणजे पुढचा बारीक भाग, वेगळा करतो आणि दारातल्या उजेडात त्याचे रेशे पाहतो. ही सवय वडिलांची. बल्लारपूरकडे आरा मशीनवर त्यांनी आयुष्यभर सागाचे लठ्ठे चिरले. "पोरा, रंग मंग पाय, आधी रेशे पाय," म्हणायचे. शाफ्ट कडक मेपलचा असतो, साग नव्हे, पण नियम तोच. रेशे टिपपासून, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या टोकापासून, जॉइंटपर्यंत सरळ जायला हवेत. मध्येच बाजूला निघून गेले असतील, तर तो शाफ्ट पुढे वाकण्याची भीती जास्त.

मग टेबलावर लोळवा. आधी शाफ्ट, मग बट, म्हणजे मागचा जाड भाग, मग दोन्ही जोडून. सुटे भाग सरळ लोळतात आणि जोडल्यावर क्यू डुगडुगतो, तर खोट बहुधा जॉइंटच्या तोंडात असते. शाफ्ट वाकलेला असेल तर तो क्यू सोडून द्या, नक्षी कितीही देखणी असो.

बटावरचे पॉइंट, म्हणजे लाकडात बसवलेली टोकदार नक्षी, नीट पाहा. व्ही आकाराच्या खाचेत बसवलेल्या पॉइंटचं टोक सुईसारखं येतं. यंत्राने कोरून बसवलेल्याचं बहुधा किंचित गोलसर राहतं. दोन्ही चांगले असू शकतात, पण पहिल्याचे पैसे देऊन दुसरा घेऊ नका. सगळे पॉइंट एकाच उंचीवर संपतात का, तेही बघा.

स्वतःसाठी बनवून घेणार असाल तर कारागिराला एक प्रश्न नक्की विचारा: शाफ्ट किती टप्प्यांत उतरवता? चांगला कारागीर एका दमात लाकूड उतरवत नाही. थोडं छिलतो, महिनोन्महिने टांगून ठेवतो, वाकलं तर बाद करतो, मग पुन्हा थोडं. वडीलही फळ्यांमध्ये पट्ट्या घालून वारा खेळता ठेवत. माझा आवडता क्यू ५८ इंची, १९ औंसांचा, म्हणजे साधारण ५४० ग्रॅम, आणि टिप १३ मिलिमीटरची. वजन दुसऱ्याच्या क्यूने खेळून ठरवा, कागदावर नको. आणि शाफ्ट दोन मागा. त्याच हाताचा, त्याच जॉइंटचा शाफ्ट नंतर मिळेलच असं नाही.

जुन्या नावाजलेल्या क्यूंचा मोह मलाही होतो. अमेरिकेतला नावाजलेला क्यू कारागीर जॉर्ज बालाबुश्का मूळचा सुतारकामातला माणूस. १९५९ मध्ये क्यू बनवायला लागला, १९७५ मध्ये गेला. त्याच्या नावाने नकली क्यू पुष्कळ फिरतात, म्हणून मालकीची साखळी कागदावर दिसल्याशिवाय पैसे देऊ नका. जुन्या क्यूत हस्तिदंत असू शकतो. आपल्याकडे त्याच्या व्यापारावर बंदी आहे, त्यामुळे असा क्यू घेऊच नका. शिसवाच्या कुळातलं लाकूड २०१७ पासून साइट्सच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहे. बाहेरून मागवण्याआधी परवान्याचं विचारा.

आता खरं काम: सांभाळणं. राजुरा तालुक्यातल्या आमच्या गावात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, हवा कोरडी ठाक, आणि जूनमध्ये एकदम ओल. लाकूड आधी सुकतं, मग फुगतं. माझा पहिला क्यू मी टिनाच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवला होता, समोर कूलर. दिवसा ओला वारा, लाइट गेली की भट्टी. जुलैपर्यंत शाफ्ट धनुष्यासारखा झाला. फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

तेव्हापासून चारही क्यू मातीच्या भिंतीच्या, कवेलूच्या मधल्या खोलीत असतात. केसमध्ये आडवे, बाहेरच्या भिंतीपासून दूर, कूलरच्या वाऱ्यापासून त्याहून दूर. तिरपा टेकवून कधीच नाही. चंद्रपूरला खेळायला जाताना क्यू गाडीच्या डिक्कीत राहत नाही, माझ्यासोबत खाली उतरतो.

खेळून झालं की शाफ्ट कोरड्या मऊ फडक्याने पुसायचा. काच पेपर लावू नका, दर वेळी शाफ्ट बारीक होत जातो. मृगाचा पाऊस पडून आठवडा झाला की मी चारही क्यू पुन्हा टेबलावर लोळवतो, आणि वहीत तारीख टाकून प्रत्येकाचं काय दिसलं ते लिहितो.